बत्तीस इनिंग झाल्या तरी सामना संपेना : पॉटकेट, १९८१

पार्श्वभूमी

अमेरिकेत बेसबॉलच्या व्यावसायिक सामन्यात बरोबरीवर हात मिळवून घरी जायची पद्धत नाही. नऊ इनिंगनंतर धावा सारख्या असतील तर दहावी खेळायची, तिथेही फैसला झाला नाही तर अकरावी, मग बारावी. प्रत्येक इनिंगमध्ये पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो आणि यजमान नंतर. दोघांचे तीन-तीन गडी बाद झाले की इनिंग पूर्ण. बॅटर तीन बेस म्हणजे ठाणी ओलांडून होम प्लेटवर, म्हणजे घरी, परतला की एक धाव. षटकं मोजलेली नसतात आणि घड्याळही नसतं. बहुतेक सामने दोन-तीन जादा इनिंगमध्ये निकाली निघतात, त्यामुळे फैसला झालाच नाही तर काय, याचा विचार करायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

जुन्या काळी अंधार हाच पंच होता. १ मे १९२० रोजी ब्रुकलिन आणि बॉस्टन यांच्यातला सामना २६ इनिंग चालला आणि १-१ असताना उजेड गेला म्हणून तसाच सोडून द्यावा लागला. लिऑन कॅडोर आणि जो ऑश्गर या दोन्ही पिचरनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, सगळ्या २६ इनिंग एकट्याने टाकल्या. आज असं कुणी करायला निघालं तर संघाचा डॉक्टरच मैदानात धावेल. पुढे मैदानांवर दिवे आले आणि सामना आपोआप थांबायची सोय गेली. ती जागा नियमाने भरायची होती. हे प्रकरण त्या नियमाचं आहे.

स्थळ ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट. अमेरिकेत पाण्याच्या जोरावर सूत कातणारी पहिली गिरणी याच गावात उभी राहिली. १९८१ साली गिरण्यांचा जमाना ओसरला होता आणि मॅकॉय स्टेडियमही जुनं झालं होतं. तिथे खेळणारा पॉटकेट रेड सॉक्स हा बॉस्टन रेड सॉक्सचा दुय्यम संघ. समोर रॉचेस्टर रेड विंग्ज, म्हणजे बाल्टिमोर ओरिओल्सचा दुय्यम संघ. लीग इंटरनॅशनल, मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, फक्त एक पायरी खाली. या पायरीवरच्या खेळाडूंची मोठ्या संघाकडून बोलावणं कधी येतंय याकडे नजर असते, आणि मोठ्या संघाची नजर आपल्या पिचरांच्या खांद्यांवर आणि कोपरांवर असते. सामना लांबला की हे दुसरं प्रकरण महाग पडतं.

(पंच, लीगचे पदाधिकारी, प्रेक्षक यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. खेळाडूंची आणि मॅनेजरची दिली आहेत, कारण ती सगळीकडे छापून आलेली आहेत.)

अडचण

१८ एप्रिल १९८१, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर. मैदानावरचे दिवे नीट लागेनात म्हणून सामना साधारण अर्धा तास उशिरा, रात्री आठच्या सुमारास सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. हवा एप्रिलला न शोभणारी थंड, आणि वारा मैदानाच्या टोकाकडून बॅटरच्या तोंडावर. या वाऱ्याला विसरून चालणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. एरवी कुंपणापलीकडे गेले असते असे फटके तो परत आत आणून टाकत होता. उत्तररात्री पॉटकेटच्या सॅम बोवेनने मारलेला चेंडू होमरन म्हणून सगळ्यांनी सोडून दिला होता. तोही वाऱ्याने मागे ढकलला आणि फील्डरच्या हातात अलगद उतरवला.

रॉचेस्टरने सातव्या इनिंगमध्ये एक धाव काढली. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात, हरायच्या बेतात असताना, पॉटकेटने एक धाव काढून बरोबरी केली. त्यानंतर दहावी ते विसावी, सलग अकरा इनिंग दोन्ही बाजूंनी भोपळा.

लीगमध्ये मध्यरात्रीचा नियम होता. रात्री १२ वाजून ५० मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही. चालू असलेली पूर्ण करायची, सामना तहकूब करायचा, उरलेला नंतर खेळायचा. साधा, शहाणा नियम. भानगड अशी की त्या मोसमासाठी पंचांच्या हाती जी नियमांची प्रत होती, तिच्यात हे कलम नव्हतंच. कुठल्या तरी टप्प्यावर ते गळालं होतं आणि ते गळालंय हे एप्रिलच्या त्या रात्रीपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

१२:५० झाले तेव्हा क्लबची माणसं म्हणत होती की नियम आहे, थांबवा. मुख्य पंच म्हणत होता की माझ्या कागदावर नाही, थांबवता येणार नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

समोरचे पर्याय

पंचाला स्वतःच्या जबाबदारीवर सामना थांबवता आला असता. सगळे थकले होते, कुणी फारसं भांडलं नसतं. पण हाती लेखी आधार नसताना पंचाने थांबवलेला सामना उद्या कुणीही लीगकडे तक्रार करून वादात ओढू शकतो, आणि मग पंचाला विचारलं जातं की कुठल्या कलमाखाली थांबवलंत? बेसबॉलचा पंच हा प्रश्न फार मनावर घेतो. त्याने पुस्तकाबाहेर जायचं नाही असं ठरवलं. पंचावर पुढे बरीच टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. आठवणीतल्या नियमाला छापलेल्या नियमापेक्षा जास्त वजन द्यायचं असं एकदा ठरलं की रोज रात्री कुणाची ना कुणाची आठवण जागी होणार.

दोन्ही संघांनी आपसात ठरवून थांबायचं, हा दुसरा मार्ग. तो दिसायला सोपा आहे, पण एकदा सामना सुरू झाला की तो पंचाच्या ताब्यात असतो. मॅनेजरनी हात मिळवले म्हणून तो थांबत नाही.

तिसरा मार्ग होता वर विचारायचा. लीगचे अध्यक्ष दुसऱ्या राज्यात, त्यांच्या घरी फोन लावायचा. मध्यरात्रीनंतर फोन लावायला सुरुवातही झाली. उचलला जात नव्हता. अध्यक्ष सापडत नसतील तर त्यांच्या जागी कोण बोलेल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

राहिला चौथा मार्ग, खेळत राहायचं. तो कुणी निवडला असं म्हणता येत नाही. बाकीचे तीन अडले, म्हणून तो आपोआप चालू राहिला.

त्या रात्री काय झालं

खेळाडूंनी आधी थंडीचा बंदोबस्त केला. मोडलेल्या बॅट आणि बाकड्यांच्या फळ्या पिंपात टाकून डगआउटजवळ, म्हणजे खेळाडू बसतात तिथे, शेकोट्या पेटवल्या. बॅटिंगला जाणारा हात शेकून जायचा आणि बाद होऊन परत हात शेकायला यायचा.

एकविसाव्या इनिंगमध्ये कोंडी फुटल्यासारखी वाटली. रॉचेस्टरच्या डेव्ह हपर्टच्या फटक्यावर एक धाव आली, २-१. आता पॉटकेटचे तीन गडी बाद झाले की सुटका. तेव्हा वेड बॉग्जने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारी हिट, मारून धाव घरी आणली आणि पुन्हा बरोबरी. आपल्याच संघातली मुलं आपल्याला मिठी मारणार की चोपणार हे कळत नव्हतं, असं तो नंतर सांगायचा. पुढच्या इनिंगमध्ये पॉटकेटचा मॅनेजर जो मॉर्गन एका निर्णयावरून पंचाशी भांडला आणि बाहेर काढला गेला. गडी घरी गेला नाही. होम प्लेटच्या मागच्या आडोशाला असलेल्या भोकातून तो पुढचा सामना बघत राहिला.

पिचरांचं व्यवस्थापन हा या प्रकरणाचा सगळ्यात शिकण्याजोगा भाग आहे, आणि त्याच्याकडे लोकांचं कमी लक्ष जातं. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू परत आत येऊ शकत नाही. म्हणजे दर वेळी पिचर बदलताना मॅनेजर एक माणूस कायमचा खर्ची टाकत असतो. नऊ इनिंगच्या हिशेबात हे चालतं. सामना किती लांबणार हेच माहीत नसेल तर उरलेले किती जपायचे? शिवाय हे पिचर बॉस्टन आणि बाल्टिमोरची ठेव. एखाद्याचा कोपर दुय्यम संघाच्या एका सामन्यात गेला, तर वरून जाब विचारला जाणार.

रॉचेस्टरचे मॅनेजर डॉक एडवर्ड्स यांनी तेविसाव्या इनिंगपासून जिम अंबार्गरला उभं केलं आणि त्याच्यावरच भरवसा ठेवला. अंबार्गरने बत्तिसाव्यापर्यंत दहा इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. ही एका माणसाची, नऊ इनिंगच्या अख्ख्या सामन्याहून लांब अशी मेहनत, तीही मध्यरात्रीनंतर. पॉटकेटने शेवटच्या टप्प्यात ब्रूस हर्स्टकडून पाच इनिंग टाकून घेतल्या. बाविसावी ते बत्तिसावी, पुन्हा अकरा इनिंग भोपळा. पिचर दमलेले, तरी धावा होत नव्हत्या, कारण बॅटर त्यांच्याहून दमलेले, हात गारठलेले, आणि वारा होताच. दमलेल्या माणसाला चेंडू टाकण्यापेक्षा मारणं जड जातं, असं दिसतं. रॉचेस्टरचा डॅलस विल्यम्स त्या सामन्यात १३ वेळा बॅटिंगला जाऊन एकही हिट मिळवू शकला नाही. दुय्यम लीगमधल्या मुलाला वर्षभराची सरासरी सांभाळायची असते, आणि तिच्यात हे तेरा रिकामे फेरे एका रात्रीत जमा झाले.

पॉटकेटच्या एका पिचरचं काम लवकर आटोपलं होतं. त्याला पहाटे घरी पाठवलं, तर बायको दार उघडेना. इतका वेळ मैदानावर होतो, यावर तिचा विश्वास बसला नाही. सकाळचा पेपर बघ म्हणावं, तर रविवारच्या पेपरात निकाल नव्हता. सामनाच संपलेला नसताना छापणार काय?

अध्यक्ष अखेर पहाटे तीननंतर फोनवर सापडले. त्यांनी चालू इनिंग पूर्ण करून खेळ थांबवायला सांगितलं. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी बत्तिसावी इनिंग संपली, धावफलक २-२. स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. त्यांना क्लबने मॅकॉय स्टेडियमचे पास दिले. खेळाडू घरी गेले ते काही तासांत परत यायला, कारण रविवारी दुपारी याच दोन संघांचा पुढचा सामना ठरलेला होता.

निकाल

आता तहकूब सामना पूर्ण करायचा कधी? रविवारीच उरकावा, असा मोह झाला असता. पण दोन्हीकडचे पिचर संपलेले होते. रॉचेस्टरचा संघ पुन्हा पॉटकेटला येईल तेव्हा, म्हणजे २३ जूनला, तेहेतिसावी इनिंग खेळायची असं ठरलं.

मधल्या काळात १२ जूनला मेजर लीगच्या खेळाडूंनी संप पुकारला. अमेरिकेभर मोठी मैदानं रिकामी आणि क्रीडा पत्रकार बेकार. पॉटकेटच्या या अर्धवट सामन्यावर सगळे तुटून पडले. एप्रिलमध्ये १,७४० प्रेक्षकांनी सुरू झालेला सामना जूनमध्ये ५,७४६ जणांसमोर पुढे चालू झाला, आणि कॅमेरे होते ते वेगळेच.

खेळ चालला १८ मिनिटं. वरच्या अर्ध्यात पॉटकेटच्या बॉब ओहीडाने रॉचेस्टरला धाव घेऊ दिली नाही. खालच्या अर्ध्यात रॉचेस्टरचा पिचर स्टीव्ह ग्रिली याचा चेंडू मार्टी बॅरेटच्या अंगावर लागला, तो पहिल्या बेसवर. चिको वॉकरच्या हिटवर बॅरेट तिसऱ्या बेसपर्यंत पोचला. पुढच्या बॅटरला मुद्दाम वॉक देऊन, म्हणजे फटका न मारता पहिल्या बेसवर जाऊ देऊन, तिन्ही बेस भरले, म्हणजे होम प्लेटवर बाद करणं सोपं जाईल. पिचर बदलला. डेव्ह कोझाने डाव्या बाजूला हिट मारली, बॅरेट घरी आला, ३-२. तेहेतीस इनिंग, खेळाचा एकूण वेळ ८ तास २५ मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला आजवरचा सगळ्यात लांब सामना.

बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावर नोंदतात, आणि या हिशेबाची गंमत ग्रिलीच्या वाट्याला आली. एप्रिलमध्ये तो या संघातच नव्हता, पण पराभव नोंदला गेला त्याच्या नावावर. कोझा कधीच मेजर लीगमध्ये खेळला नाही. रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर उभा राहिलेला कॅल रिपकेन आणि पॉटकेटचा बॉग्ज हे दोघं पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. हर्स्ट आणि ओहीडा १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, समोरासमोरच्या संघांत होते.

लीगला त्या जूनमध्ये पैसे देऊन मिळाली नसती एवढी प्रसिद्धी मिळाली. म्हणून एप्रिलची रात्र बरोबर हाताळली गेली असं ठरत नाही. संप नसता तर तेहेतिसावी इनिंग हजारभर लोकांपुढे उरकली असती.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ चूक मोसम सुरू होण्याआधीची. नियमांची नवी प्रत निघते तेव्हा जुन्या प्रतीशी कलमवार ताडून बघायचं काम कुणाचं, हे ठरलेलं असतं तर १२:५० ला वाद झालाच नसता. क्लबकडे जुनी प्रत असती आणि ती पंचासमोर ठेवता आली असती, तरी कदाचित फरक पडला असता. आठवणीवर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

दुसरी गोष्ट फोनची. एकाच माणसाच्या हाती अधिकार असेल तर तो झोपला, प्रवासात असला, आजारी पडला तर पुढे कोण, याची यादी सामन्याच्या ठिकाणी हवी. तीन तास फोन लावत राहणं ही काही व्यवस्था नव्हे.

नियम हातात असला तर काय होतं, याचं उत्तर तीन वर्षांनी शिकागोत मिळालं. ८ मे १९८४, शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध मिलवॉकी ब्रुअर्स. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगमध्ये मध्यरात्रीचं बंधन होतं. सतरा इनिंगनंतर ३-३ असताना, एक वाजून गेल्यावर सामना थांबवला, दुसऱ्या संध्याकाळी पुढे खेळला, आणि पंचविसाव्या इनिंगमध्ये हॅरॉल्ड बेन्सच्या होमरनवर शिकागोने ७-६ असा जिंकला. खेळाचा वेळ ८ तास ६ मिनिटं, म्हणजे पॉटकेटपेक्षा जेमतेम वीस मिनिटं कमी. पण पिंपात बॅट जाळाव्या लागल्या नाहीत. टॉम सीव्हरने त्या संध्याकाळी आधी उरलेल्या सामन्यात पिचिंग केली, मग त्याच दिवसाचा ठरलेला सामनाही टाकला, आणि दोन्ही विजय त्याच्या खात्यात पडले.

दुसऱ्या शाखेत, नॅशनल लीगमध्ये, बंधन नव्हतं. तिथला नमुना ४ जुलै १९८५ चा अटलांटामधला. पावसाने अडलेला सामना न्यू यॉर्क मेट्सने १९ इनिंगमध्ये १६-१३ असा जिंकला, पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांनी. अठराव्या इनिंगमध्ये अटलांटाकडे बदली बॅटर उरला नव्हता, म्हणून पिचर रिक कॅम्पला बॅटिंगला जावं लागलं. बॅटिंगच्या नावाने ज्याची बोंब, त्या गड्याने दोन बाद, दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक चेंडू हुकला की खेळ खलास, अशा अवस्थेत होमरन ठोकून बरोबरी केली. स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी प्रेक्षकांना कबूल केलेली होती. ती पहाटे चारला उडवली आणि आसपासचे लोक हल्ला झाला म्हणून घाबरून उठले. ती रद्द करायचा अधिकार कुणाला होता, हाही प्रश्न पॉटकेटच्या फोनसारखाच आहे.

अलीकडे बेसबॉलने वेगळीच वाट धरली. रात्री थांबवण्यापेक्षा सामना लांबूच द्यायचा नाही. २०१८ पासून दुय्यम लीगमध्ये आणि २०२० पासून मेजर लीगमध्ये, दहाव्या इनिंगपासून प्रत्येक संघाचा एक धावपटू आयताच दुसऱ्या बेसवर उभा करतात. एक बरी हिट मिळाली की धाव. २०२३ ला हा नियम कायम झाला. जुन्या चाहत्यांना तो फसवा वाटतो. न कमावलेला माणूस बेसवर कशाला, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण जो मॅनेजर उद्या दुपारी पुन्हा संघ उतरवणार आहे, त्याला विचारा. त्याच्या दृष्टीने बाराव्या इनिंगनंतरच्या प्रत्येक इनिंगची किंमत पुढच्या चार दिवसांच्या पिचिंगमधून वसूल होते. जपानने तर बरोबरीच मान्य केली आहे. बारा इनिंगनंतर तिथे सामना संपतो.

मेजर लीगने मात्र एक दार उघडं ठेवलं आहे. हा धावपटूचा नियम प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, लागू नाही. तिथे निकाल कमावलाच पाहिजे, असा आग्रह. २०२२ मध्ये ह्यूस्टनने सिअ‍ॅटलला अठराव्या इनिंगमध्ये १-० हरवलं, आणि २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना लॉस एंजेलिस आणि टोरोंटो यांच्यात अठरा इनिंग चालला, फ्रेडी फ्रीमनच्या होमरनवर संपला. प्लेऑफमध्ये प्रेक्षक घरी जात नाहीत आणि पैसाही कमी पडत नाही, त्यामुळे तो आग्रह परवडतो. पिचरांचा प्रश्न मात्र तिथेही तोच राहतो, कारण पुढचा सामना अनेकदा चोवीस तासांच्या आत असतो.